थेंबाची जागा

फलाटाच्या मध्यापासून जरा उत्तरेला,
चौथ्या आणि पाचव्या खांबाच्या मधे
एक पिवळी बादली आहे.
तिच्यावर मार्करने लिहिलंय: तात्पुरती.
ती आली तेव्हा माझा मुलगा पाचवीत होता.
आता त्याला दाढी आलीय,
बादलीला शेवाळ.

वर न्यूयॉर्क आहे. त्याचा वितळता बर्फ, त्याचे फुटके पाइप,
कुठल्या तरी मजल्यावरची कुणाची तरी तुंबलेली मोरी,
सगळं झिरपत झिरपत
दहा मजले खाली
बरोबर इथेच पोचतं,
गाडीला कधी जमलं नाही इतकं वेळेवर.

लिफ्ट चार. तीन आजारी, एक रुसलेली.
दोन्या एउफेमिया जिना उतरून आली की
कठड्याला धरून आधी गुडघ्यांना विचारते,
आलात का रे दोघे?
इद्रिसा रात्रभर लोकांची जेवणं पोचवून
सायकल खांद्यावर घेऊन येतो;
त्याच्या जाकिटाला दुसऱ्यांच्या भुकेचा वास.
येसेनिया नर्स आहे, उभ्यानेच झोपते,
डोकं खांबाला टेकून,
मधे कागदी रुमाल धरून,
नाहीतर रंगाचे पोपडे दिवसभर केसात राहतात
आणि पेशंट विचारतात, बाहेर बर्फ पडतोय का?

मी शाळेच्या खानावळीत अंडी फोडते. दिवसाला सहाशे.
मला माहीत आहे कवच कुठून तडकतं.
हे छत मी कधी वर मान करून बघत नाही.

भिंतीवरच्या नावातली तीन अक्षरं गळून पडलीत.
नवखा माणूस उरलेली जोडून वाचतो
आणि घाबरून खिशातला पत्ता काढतो.
भोंग्यातला माणूस काहीतरी सांगतो,
तोंडात गरम बटाटा धरून सांगावं तसं.
काय म्हणाला?
प्लॉटकिनबाई म्हणतात, "नाही येणार म्हणाला."
त्यांनाही शब्द कळत नाहीत, सूर कळतो.
लग्न होऊन आल्या तेव्हापासून ऐकतायत.

आणि आठच्या त्या गर्दीत,
जिथे मुंगीनेही अंग चोरून उभं राहावं,
बादलीभोवती
परातीएवढं रिकामं वर्तुळ.
कुणी आखलं नाही. सगळे पाळतात.
कुणी पाहुणा ती मोकळी जागा बघून
आनंदाने आत शिरला
की चार भाषांतून एकदम ओरडा होतो: तिथे नको!
कुणी तरी त्याची बाही धरून ओढतंही.
एरवी आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

मार्चमध्ये तीन रात्री माणसं आली,
नारिंगी जाकिटं, शिड्या, प्लास्टिकचे पडदे.
सोमवारी छताला पांढरं ठिगळ,
बादली गायब,
जमीन कोरडी.

वर्तुळ मात्र तसंच.

गर्दी त्याला वळसा घालत होती,
नदीतला दगड काढून नेला
आणि पाण्याला कुणी सांगितलंच नाही, तशी.
मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच.
एका सूटवाल्याने बूट पुढे केला,
वर पाहिलं,
मागे घेतला.

गुरुवारी प्लॉटकिनबाई आत गेल्या.
काठी रोवली. पिशवीतून छत्री काढली.
उघडली.
मग म्हणाल्या, "हं. आता येऊ दे गाडी."
दोन्या एउफेमिया एवढी हसली
की तिला कठडा धरावा लागला.
येसेनिया जागी झाली, काय झालं, काय झालं,
कुणाला नीट सांगता येईना.

गाडी आली नाही.

तेवढ्यात सातव्या खांबापाशी
टप.
इद्रिसाने मान न उचलता
सायकल घेऊन अर्धं पाऊल डावीकडे घेतलं.
त्याच्या मागच्याने घेतलं.
त्याच्या मागच्याने.
भोंगा काहीच बोलला नाही.
मी डब्यातली पोळी संपवली,
रिकामा डबा क्षणभर हातात धरला,
आणि वाकून
तिथे ठेवला.